बिनतारी केंद्राचा ठावठिकाणा

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस विश्वामित्रीला जो पूर आला, त्याचे वर्णन आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांना नव्याने ऐकवावयास नको. नदीची धोक्याची पातळी २६ फूट. पाणी ३७ फुटांच्याही वर गेले. गोरव्यात आमच्या गल्लीत पाणी फारसे शिरले नाही. पण वीज गेली, आणि तिच्यामागून काही तासांनी मोबाइलही मुके झाले. आमची आई काणकोणास राहते. तिने दूरदर्शनच्या पडद्यावर बडोद्यातील घराच्या छपरावर बसलेली मगर पाहिली, आणि त्यानंतर दोन दिवस तिला आमचा अथवा आम्हाला तिचा काहीही समाचार मिळाला नाही. ते दोन दिवस तिने कसे काढले, हे तिने आजवर नीट सांगितलेले नाही. विचारले की ती विषय बदलते.

पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी जी गोष्ट आम्हाला समजली, तिच्यामुळेच हा लेख लिहिण्याचे मनात आले. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एक गृहस्थ राहतात. एका कारखान्यात विद्युत-तंत्रज्ञ म्हणून त्यांनी नोकरी केली. आता निवृत्त आहेत. मुले त्यांना काका म्हणतात. त्यांच्या गच्चीवरील उंच दांडी आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो, आणि ती कपडे वाळविण्यासाठी नव्हे एवढेच आमच्या ध्यानात आले होते. ते सरकारी परवाना असलेले हौशी रेडिओचालक आहेत. "सर, त्या दोन्ही रात्री मी मोटारीच्या बॅटरीवर यंत्र लावून बसलो होतो," ते म्हणाले, "पण पडद्यावर एक अक्षर उमटले नाही." पुढे चौकशी करता असे निघाले की शहराच्या दुसऱ्या टोकाला असेच एक केंद्र त्याच दोन रात्री जागत बसले होते. त्यांच्याही पडद्यावर एक अक्षर उमटले नव्हते. दोघांची यंत्रे चांगली होती, दोघांचा हेतू चांगला होता, दोघांत अंतर दहा किलोमीटरांहून कमी होते. मात्र एकाची वारंवारता निराळी, दुसऱ्याची निराळी. आणि एकमेकांचे अस्तित्व दोघांसही ठाऊक नव्हते.

असे का व्हावे? याचे उत्तर समजून घ्यावयाचे, तर हौशी रेडिओ म्हणजे काय आणि त्यात अलीकडे कोणता पालट झाला, हे पाहिले पाहिजे.

आकाशवाणीचे केंद्र आणि हौशी केंद्र यांत मोठा भेद आहे. आकाशवाणी एकटी बोलते व हजारो ऐकतात. बडोदे संस्थानाने आपले स्वतःचे नभोवाणी केंद्र चालविले होते. १९४८ साली ते अखिल भारतीय नभोवाणीकडे आले. अशा केंद्राचा ठावठिकाणा शोधण्याचे कष्ट श्रोत्याला कधीच पडले नाहीत, कारण कार्यक्रमांच्या वेळा वर्तमानपत्रांत छापून येत. हौशी रेडिओचालक मात्र घरच्या खोलीत बसून दुसऱ्या रेडिओचालकाशी दुतर्फा संभाषण करतो. त्यात पैसा मिळवावयाचा नसतो, आणि निरोप गुप्त लिपीत लपवावयाचाही नसतो. केंद्र सरकारच्या संचार मंत्रालयाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यास एक ओळखनाव मिळते. आपल्या देशातील ओळखनावे 'व्हीयू' या दोन अक्षरांनी सुरू होतात; पुढे एक आकडा व काही अक्षरे. शाळकरी वयातही ही परीक्षा देता येते, हे आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे.

येथे एक बारकावा आहे. मोटारीच्या पाटीवरील 'जीजे ०६' ही अक्षरे पाहून ती बडोद्याची, हे तुम्ही तत्काळ सांगता. रेडिओच्या ओळखनावाचे तसे नाही. 'व्हीयू२' आणि 'व्हीयू३' हे आकडे परवान्याची श्रेणी सांगतात, गाव सांगत नाहीत. अंदमान-निकोबारसाठी 'व्हीयू४' व लक्षद्वीपसाठी 'व्हीयू७' असे वेगळे आकडे आहेत. एरवी केवळ ओळखनावावरून तो मनुष्य शिलाँगचा की सावंतवाडीचा, हे कळणार नाही. आपण कोठे आहोत हे ज्याचे त्याने सांगितले पाहिजे.

पूर्वी सांगितले नाही तरी निभावत असे. कारण जुन्या पद्धतीत बोलणे कानास ऐकू येई. यंत्राची खुंटी हळूहळू फिरवीत गेले की कोठेतरी मोर्सची टिकटिक अथवा माणसाचा घोगरा आवाज लागे, आणि मग तेथेच थांबून त्याला उत्तर देता येई. आमच्या कोंकणीत अंधारातून डोंगरवाटेने जाणारा मनुष्य मधूनमधून मोठ्याने 'कुकारो' घालतो. त्यात शब्द नसतो. इकडे कोणीतरी आहे एवढेच त्या आवाजाने कळते. जुन्या रेडिओचे आवाज या कुकाऱ्यासारखे होते. अर्धवट आले, खरखरत आले, तरी कोणीतरी आहे हे समजे.

अंकीय पद्धतीने हा कुकारोच बंद केला. या पद्धतीत अक्षरांचे रूपांतर शून्य व एक या दोन अंकांच्या मालिकेत करतात. प्रचलित अशा एका पद्धतीत एका अंकासाठी १२०० हर्ट्झचा व दुसऱ्यासाठी २२०० हर्ट्झचा सूर असतो, आणि असे १२०० अंक एका सेकंदात जातात. मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा जणू एका पाकिटात घालतात. पाकिटावर पाठविणाऱ्याचे ओळखनाव, घेणाऱ्याचे ओळखनाव, आणि शेवटी एक पडताळा-अंक. घेणारे यंत्र पडताळा जुळवून पाहते. एक अंक जरी चुकला, तरी सारे पाकीट मुकाट्याने टाकून देते. मनुष्याच्या कानाला या पाकिटाचा आवाज म्हणजे अर्ध्या-पाऊण सेकंदाचा कर्कश ओरखडा. त्याआधी शांतता, त्यानंतर शांतता. पाळत ठेवून बसलेल्यासही तो चुकून जावा!

बोलण्याच्या अंकीय पद्धतीत तर अडचण आणखी वाढते. त्यांपैकी एका पद्धतीत एकाच वारंवारतेवर तीस-तीस मिलिसेकंदांचे दोन कप्पे आलटून पालटून चालतात. शिवाय सोळांपैकी एक 'रंगसंकेत' आणि त्यावर गटाचा एक क्रमांक. वारंवारता बरोबर, परंतु रंगसंकेत चुकला, तर यंत्र अवाक्षर काढत नाही. शेजारच्या गल्लीतील केंद्र पूर्ण शक्तीने बोलत असते आणि आपल्या खोलीत निखळ शांतता असते. म्हणून ज्याला काहीही लपवावयाचे नाही, त्याचे बोलणेही नव्या पद्धतीत गुपितासारखे होऊन बसते. काका व त्यांचे दूरचे सोबती यांची गत हीच झाली.

पाकीट-पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा, तर १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अॅब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील संगणक रेडिओने जोडले, आणि १९७८ साली कॅनडातील माँट्रियल येथील हौशी मंडळींनी ती कल्पना आपल्या छंदात आणली. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव बॉब ब्रुनिंगा यांचे. अमेरिकेच्या नौदल अकादमीत ते अभियंते होते; २०२२ साली वारले. पाकिटाने कोणा एकालाच पत्र न लिहिता परिसरातील सर्वांना एकदम सूचना द्यावी, ही त्यांची कल्पना. १९९२ पासून ती 'एपीआरएस' या नावाने ओळखली जाते. प्रत्येक केंद्राने ठरावीक काळाने आपले ओळखनाव, ठिकाण, नकाशावरील चिन्ह आणि एक ओळ मजकूर असे लहानसे पाकीट सोडावयाचे. परवानाधारक त्यास 'बीकन' म्हणतात. आपण खूणसंदेश म्हणू. पुढे जगभर लोकांनी त्याचा उपयोग मोटार कोठे पोचली हे पाहण्यासाठीच अधिक केला, आणि ब्रुनिंगांना त्याची कायम खंत राहिली. त्यांचे म्हणणे असे की, नव्या गावात आलेल्या रेडिओचालकास दहा मिनिटांच्या आत कळले पाहिजे की येथे कोण कोण आहे, कोणत्या वारंवारतेवर ऐकत आहे आणि त्याला कसे गाठावे. आम्हाला हे म्हणणे पूर्णपणे पटते. फिरणारा ठिपका पाहून करमणूक होते. पण त्या ठिपक्याशी बोलावे कसे, हे त्यावर लिहिले नसेल तर त्याचा काय उपयोग?

खूणसंदेशाच्या त्या एका ओळीत काय असावे, यावर काकांशी आमची बरीच चर्चा झाली. वारंवारता हवी, कोणती पद्धत चालते ते हवे, रंगसंकेतासारखी किल्ली असल्यास ती हवी, आणि ऐकण्याची वेळ हवी. शेवटची गोष्ट बहुतेक सर्व विसरतात. चोवीस तास कोणीही यंत्रापाशी बसत नाही. 'रोज रात्री ९ ते ९॥' एवढे लिहिले, तर शोधणाऱ्याची एक रात्र वाचते.

मात्र खूणसंदेश सोडण्यातही विवेक पाहिजे. येथे थोडे गणित करू. एक पाकीट व त्यापूर्वीची यंत्राची तयारी मिळून सुमारे एक सेकंद लागतो असे धरा. शहरात ३० केंद्रे असून प्रत्येकाने दहा मिनिटांतून एकदा खूणसंदेश सोडला, तर ६०० सेकंदांपैकी ३० सेकंद मार्ग व्यापला जाईल. म्हणजे शेकडा ५. हेच ३० जण उत्साहाच्या भरात दर मिनिटास ओरडू लागले, तर ६० पैकी ३० सेकंद, म्हणजे शेकडा ५०. अजून निम्मा मार्ग मोकळा आहे असे वाटेल. पण येथेच फसगत आहे. कोणीही कोणास न विचारता वाटेल तेव्हा बोलू लागला, तर पाकिटे एकमेकांवर आदळून नष्ट होतात, आणि कितीही केले तरी मार्गाच्या शेकडा १८ हून थोड्या अधिक भागाचाच सदुपयोग होऊ शकतो. हवाईतील त्या जाळ्याच्या अभ्यासातूनच हा सिद्धांत निघाला. अर्थात नव्या यंत्रांत मार्ग मोकळा आहे की नाही हे आधी ऐकण्याची सोय असते. परंतु डोंगराआडच्या दोन केंद्रांना एकमेकांचा आवाजच पोचत नसेल, तर ती सोयही लंगडी पडते. मधल्या सुट्टीत एका दालनात तीस मुले एकदम बोलू लागली की काय होते, याचा अनुभव शिक्षकांना रोजचा आहे.

आणि आवाज पोचतो तरी किती दूर? या उच्च वारंवारतेच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. जमिनीपासूनची उंची मीटरांत घेऊन तिचे वर्गमूळ काढा व त्यास ४.१२ ने गुणा. क्षितिजाचे अंतर किलोमीटरांत मिळेल. घराच्या गच्चीवर १० मीटर उंचीची दांडी असेल, तर सुमारे १३ किलोमीटर. पावागड सुमारे ८०० मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरून हेच अंतर ११५ किलोमीटरांच्या वर जाते. यावरून उंचावरच्या एका केंद्राने खालच्यांचे खूणसंदेश ऐकून पुन्हा सोडण्याचे महत्त्व कळून येईल. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असे पुनःप्रक्षेपण करणारे हौशी यंत्र १४५.८२५ मेगाहर्ट्झवर चालविले जाते. जमिनीवर मात्र देशोदेशी निराळा संकेत: उत्तर अमेरिकेत १४४.३९०, युरोपात १४४.८००. कोणता आकडा निवडला याला महत्त्व नाही. सर्वांनी एकच निवडला याला आहे.

आपल्या मराठी विद्यार्थ्यांनी या बाबतीत जे केले, ते येथे सांगितले पाहिजे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा एक किलोग्रॅमहूनही हलका उपग्रह तयार केला, आणि २२ जून २०१६ रोजी तो श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ या अग्निबाणाबरोबर अवकाशात गेला. एका ठिकाणाहून हौशी रेडिओच्या वारंवारतेवर निरोप घ्यावा, पोटात साठवावा आणि दुसऱ्या ठिकाणी वर आल्यावर खाली द्यावा, हे त्याचे काम. अवकाशात गेलेली एवढीशी वस्तू शोधावयाची कशी? तर असा उपग्रह सतत आपला खूणसंदेश सोडीत असतो आणि त्याची वारंवारता आधी जगजाहीर केलेली असते. उपग्रह करणाऱ्यास हे शहाणपण सक्तीने येते, कारण तेथे गच्चीवर चढून पाहण्याची सोय नाही.

संकटकाळी याचे मोल किती, हे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी दिसून आले. हैदराबादच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ' या संस्थेचे पथक श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली त्या महिन्यात पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. अंदमानातून दीर्घकाळ हौशी केंद्र बोललेले नव्हते. त्यामुळे जगभरचे रेडिओचालक 'व्हीयू४' हे ओळखनाव ऐकण्यास टपून बसलेले होते. भूकंपाने व लाटांनी बेटांचे दळणवळण तुटले, तेव्हा या केंद्राने छंद बाजूस ठेवला आणि मुख्य भूमीशी निरोपांची ने-आण सुरू केली. त्यापूर्वी २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपातही हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचविले होते, हे गुजरातेत राहणाऱ्या आपणांस विसरून चालणार नाही. परंतु अंदमानच्या प्रसंगातील एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. तेथील केंद्र कोठे आहे आणि कसे ऐकावे हे संकटाच्या आधीच जगाला माहीत होते. त्या सकाळी त्यांना कोणी शोधावे लागले नाही.

आता पालकांच्या मनात येणारी शंका. घराचा ठिकाणा असा चारचौघांत जाहीर करावा काय? ही शंका रास्त आहे, आणि तिला हसणारे रेडिओचालक आम्हाला आवडत नाहीत. महागडी यंत्रे असलेले घर, एकटी राहणारी वृद्ध माणसे, एखादी परवानाधारक मुलगी. यांचा नकाशावरचा नेमका बिंदू जगास दाखविण्याचे काहीच कारण नाही. तशी आवश्यकताही नसते. एपीआरएसमध्ये अक्षांश-रेखांशांचे शेवटचे अंक कोरे ठेवण्याची मुभा आहे. मिनिटाच्या शतांशापर्यंतचा आकडा दिला, तर घर सुमारे १८ मीटरांच्या आत सापडते. शतांशाचे दोन अंक गाळले, तर पावणेदोन-दोन किलोमीटरांचा परिसर तेवढा कळतो. रेडिओची लहर पोचते की नाही हे ठरविण्यास तेवढे पुरे.

याहून सोपी रीत १९८० साली इंग्लंडातील मेडनहेड या गावी झालेल्या बैठकीत ठरली. सर्व पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येकास नाव दिले. बडोद्याचे नाव आपण स्वतः काढू. रेखांश सुमारे ७३.२ पूर्व. त्यात १८० मिळवा: २५३.२. त्यास २० ने भागा: पूर्ण भाग १२, बाकी १३.२. इंग्रजी वर्णमालेत 'ए' शून्य धरल्यास बारावे अक्षर 'एम'. बाकीला २ ने भागा: पूर्ण भाग ६. आता अक्षांश सुमारे २२.३ उत्तर. त्यात ९० मिळवा: ११२.३. त्यास १० ने भागा: ११, बाकी २.३. अकरावे अक्षर 'एल', आणि बाकीतील पूर्णांक २. आधी दोन्ही अक्षरे, मग दोन्ही आकडे, म्हणून बडोदे 'एमएल६२'. हा चौकोन पूर्व-पश्चिम सुमारे २०६ व दक्षिणोत्तर १११ किलोमीटर आहे. त्यात नडियाद, आणंद आणि गोधराही येतात. एवढ्याने कोणाचे घर सापडणार नाही. आणखी दोन अक्षरे जोडली, तर चौकोन सुमारे साडेआठ बाय साडेचार किलोमीटरांचा होतो. म्हणजे जवळजवळ एक उपनगर. आमच्या मते केंद्राने एवढे जाहीर करावे आणि तेथेच थांबावे. विद्यार्थ्यांनी आपल्या आजोळचा चौकोन काढून पाहावा. ताळा म्हणून सांगतो, पुणे 'एमके६८' येते.

आणखी एक सावधगिरी. पुष्कळ केंद्रांचे नकाशे आज इंटरनेटवर दिसतात, आणि त्यामुळे आपले काम झाले असे काही चालकांना वाटते. पण ज्या रात्री केंद्राची खरी गरज लागते, त्या रात्री इंटरनेट असेलच याची हमी कोण देणार? म्हणून खूणसंदेश हवेतूनही यावा, आणि ज्याच्यापाशी यंत्रच नाही त्याच्यासाठी साध्या कागदावरही यावा. आम्हाला त्या दोन रात्री कोणताही नकाशा दिसला नसता. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवरचा कागद मात्र आठवला असता, आणि घोटाभर पाण्यातून दोन गल्ल्या चालून आम्ही काकांचे दार ठोठावले असते. परक्याचा निरोप पाठविण्यावर एरवी या छंदात निर्बंध असतात. पण आपत्तीत नित्याची साधने बंद पडल्यावर हौशी केंद्रे हेच काम करीत आली आहेत.

तेव्हा निरोप काणकोणपर्यंत पोचला असता काय? पोचलाच असता असे काका छातीवर हात ठेवून म्हणत नाहीत. बडोद्याबाहेर, जेथे फोन चालू होते अशा गावचा एक जरी रेडिओचालक ऐकत असता, तर त्याने फोनवरून आईला दोन शब्द सांगितले असते, एवढेच ते म्हणतात.

काका व पलीकडच्या टोकाचे गृहस्थ यांनी आता एक वारंवारता व एक वेळ ठरविली आहे. पहिल्या रविवारी काहीच जमले नाही. एकाच्या यंत्रात पूर्वीचाच आकडा राहून गेला होता. दुसऱ्या रविवारी आमच्या दहावीच्या सहा विद्यार्थ्यांच्या समक्ष पडद्यावर पहिली ओळ उमटली. तीत 'पाऊस नाही, जेवण झाले' एवढाच मजकूर होता, आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या.

दोन्ही केंद्रांचे ओळखनाव, वारंवारता, पद्धत, ऐकण्याची वेळ व चौकोन यांचा कागद दोघांच्या संमतीने विज्ञान-प्रयोगशाळेच्या दारावर लावला आहे. ओळखनावावरून माणसाचे नाव निघू शकते, म्हणून तो या अंकात आम्ही छापलेला नाही. ज्यास पाहिजे त्याने येऊन उतरवून घ्यावा. गोरवा व आसपासच्या भागात अन्य कोणाचे केंद्र असल्यास त्यांनी शाळेच्या कार्यालयात कळवावे. कागदावर दोन नावांखाली जागा मोकळी ठेवली आहे.